खेळासाठी लॅपटॉप : नाव, वॅट आणि उष्णता



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून व्हिडिओ गेम खेळण्याच्या लॅपटॉपचा विचार व्हावा, याचे काही ज्येष्ठ मंडळींस आश्चर्य वाटेल. जेथे संतवाङ्मय, अर्थकारण आणि आरोग्य यांची चर्चा व्हायची तेथे खेळण्याचा विषय कशाला, असेही कोणी मनात म्हणेल. परंतु बारावीचे निकाल लागून अभियांत्रिकीचे प्रवेश होऊ लागले की घरोघर जी एक मोठी खरेदी होते, ती याच यंत्राची. मुलाला किंवा मुलीला अभ्यासासाठी लॅपटॉप हवा असतो, आणि त्याच यंत्रावर खेळही खेळावयाचे असतात. रक्कम लाखाच्या घरात जाते. पैसे देणारे वडील, निवड करणारा मुलगा, आणि यंत्राची नेमकी माहिती बहुधा दोघांनाही नाही, असा प्रकार असतो. वडिलांस वाटते की मुलगा जाणता आहे. मुलाला वाटते की दुकानदार जाणता आहे. आणि दुकानदार खोक्यावरच्या कागदापलीकडे जात नाही. चार वर्षे पुरावे म्हणून घेतलेले यंत्र दुसऱ्याच वर्षी धापा टाकू लागले, म्हणजे घरात जो वाद होतो त्यात पैशापेक्षा विश्वास अधिक खर्ची पडतो. म्हणून हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस वाटत नाही.

आमचे सांगणे आरंभीच एका वाक्यात सांगून टाकतो. खेळाच्या लॅपटॉपची योग्यता त्याच्या नावावरून कळत नाही; त्यातील ग्राफिक्स चिपला किती वॅट वीज मिळते आणि त्या विजेची उष्णता बाहेर कशी पडते, यावरून ती कळते. पुढील सर्व विवेचन हे या वाक्याचे स्पष्टीकरण समजावे.

प्रथम, खेळ चालू असताना यंत्र करते तरी काय, ते पाहू. पडद्यावर हलणारे दृश्य हे खरोखर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांचे बनलेले असते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी साधारण १६.७ सहस्रांश सेकंद मिळतो. १४४ हवी असतील, तर सातालाही थोडा कमीच. आपल्या नाटकमंडळीची उपमा द्यावयाची तर प्रोसेसर हा सूत्रधार. कोण कोठे उभा आहे, कोणी कोणावर उडी घेतली, हे तो ठरवतो. ग्राफिक्स चिप म्हणजे नेपथ्याची मंडळी. सूत्रधाराने ‘राजवाडा’ म्हणताच त्यांनी सारा राजवाडा रंगवून उभा करावयाचा, आणि पापणी लवण्याच्या आत पुसून पुन्हा नवा रंगवावयाचा. यातील मोठा भार नेपथ्यावर पडतो. म्हणून खेळाच्या लॅपटॉपमध्ये पैशाचा मोठा भाग ग्राफिक्स चिपसाठी जातो, आणि फसगतही तेथेच होते.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. एनव्हिडिया या कंपनीची ‘आरटीएक्स ४०६०’ ही लॅपटॉपसाठी केलेली चिप २०२३ साली बाजारात आली. तीत रंगकाम करणारी ३०७२ गणनकेंद्रे आणि ८ जीबी स्वतंत्र स्मृती असते. आता याच चिपसाठी कंपनीने दिलेली विजेची मर्यादा पाहा : ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत. म्हणजे पातळ, दिसायला सुबक अशा एका लॅपटॉपमध्ये तिला थोडक्या विजेवर राहावे लागते, तर दुसऱ्या जाडजूड लॅपटॉपमध्ये तिपटीहून अधिक वीज मिळते. दोहोंवरचे स्टिकर मात्र एकच. विजेप्रमाणे तिचा वेगही बदलतो. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे तो १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ इतक्या अंतरात कोठेही असू शकतो.

आता तिच्या थोरल्या भावंडाशी, ‘आरटीएक्स ४०७०’ शी, तुलना करू. हिच्यात ४६०८ गणनकेंद्रे आहेत. अर्थात किंमतही अधिक. परंतु कमीत कमी विजेवर तिचा वेग १२३० मेगाहर्ट्झपर्यंत उतरतो. केंद्रांची संख्या आणि वेग यांचा गुणाकार केला तर कमी विजेवरील ४०७० चा आकडा सुमारे ५७ लाख येतो आणि पुऱ्या विजेवरील ४०६० चा सुमारे ७३ लाख. हा ढोबळ हिशेब आहे आणि खेळागणिक तो थोडाफार बदलेल. तथापि त्यातील बोध निःसंशय आहे. अर्धपोटी ठेवलेल्या थोरल्यापेक्षा पोटभर जेवलेला धाकटा अधिक काम करतो. ज्याने नाव पाहून जास्त पैसे दिले, त्याने जास्त काम विकत घेतले असे होत नाही.

नावाचा दुसरा घोटाळा टेबलावरच्या संगणकाशी आहे. ‘आरटीएक्स ४०९०’ हे नाव डेस्कटॉपच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपच्या चिपलाही. डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ केंद्रे आणि ४५० वॅटची तरतूद. लॅपटॉपच्या चिपमध्ये ९,७२८ केंद्रे आणि १५० वॅटच्या आसपासची कमाल. २०२५ साली पुढची मालिका आली, तिच्यातही ‘५०९०’ च्या बाबतीत हाच प्रकार आहे. एकाच नावाची ही दोन वेगळी माणसे आहेत. म्हणून मित्राच्या घरचा डेस्कटॉप पाहून त्याच नावाचा लॅपटॉप मागू नये.

पूर्वी कमी विजेच्या चिपला वेगळे नाव असे. २०१७ पासून अशा चिपच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ ही अक्षरे लागत, आणि ग्राहकाला निदान संशय घेता येई. २०२१ च्या मालिकेपासून ती खूण चिपच्या नावातून गेली. आता खरा आकडा पाहावयाचा तर निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशिलाच्या पानावर ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या शब्दांपुढे तो शोधावा लागतो. काही निर्माते त्यात ‘डायनॅमिक बूस्ट’ म्हणून मिळणारे आणखी २५ वॅटपर्यंत धरून ११५ च्या जागी १४० छापतात. तेव्हा दोन यंत्रांची तुलना करताना आकडे एकाच रीतीने मोजलेले आहेत ना, हे पाहावे.

येथे कोणी विचारील, की मग सर्वच निर्माते पुरी वीज का देत नाहीत? याचे उत्तर उष्णता. यंत्रात शिरलेली वीज काम करून अखेर जवळजवळ सारी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. चिपचे ११५ आणि प्रोसेसरचे ४५ मिळून १६० वॅट झाले. म्हणजे ६० वॅटचे अडीच-पावणेतीन जुने दिवे दोन बोटे जाडीच्या पेटीत पेटवून ठेवल्यासारखे झाले. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत नेतात आणि पंखे ती बाहेर फुंकतात. यासाठी जागा लागते, धातू लागतो, वजन वाढते. ज्याला कागदासारखा पातळ लॅपटॉप हवा, त्याने कमी वॅट पत्करावे. ज्याला पुरे वॅट हवे, त्याने अडीच किलोचे ओझे आणि पंख्याचा आवाज पत्करावा. दोन्ही एकत्र देतो म्हणणाऱ्यावर सहसा विश्वास ठेवू नये.

आपल्या प्रांतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे चिप आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातील अंतरावर ठरते. चिप ९० अंशांवर धरली आणि खोली २५ अंशांवर, तर अंतर ६५. तीच खोली वैशाखात ४२ अंशांवर गेली, तर अंतर ४८. म्हणजे त्याच पंख्याने जेमतेम पाऊणपट उष्णता बाहेर पडणार. उरलेल्या पावाचे काय? चिप जळू नये म्हणून यंत्र स्वतःच तिचा वेग उतरवते. नागपूर-चंद्रपूरकडच्या वसतिगृहात, पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्यात खेळ अडखळू लागला तर तो प्रत्येक वेळी यंत्राचा दोष नसतो. म्हणून आमच्याकडील ग्राहकाने थंडाव्याची व्यवस्था थोडी अधिकच पाहावी. यंत्र गादीवर ठेवून खालची छिद्रे बुजवू नयेत आणि जाळीत बसलेली धूळ वर्षातून एकदा तरी जाणत्याकडून काढून घ्यावी.

आता खेळाकडे वळू. सर्व खेळांची भूक सारखी नसते. मुले संघ करून खेळतात तो ‘व्हॅलोरंट’ हा २०२० सालचा खेळ साध्या यंत्रावरही चालावा अशाच हेतूने बेतलेला आहे. उलट ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा २०२४ चा खेळ किमान ८ जीबी ग्राफिक्स स्मृती मागतो. ४ जीबीचा ‘३०५०’ किंवा ६ जीबीचा ‘४०५०’ घेणाऱ्याने हे आधी जाणावे. कारण ही स्मृती चिपबरोबर पक्की बसवलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. शिवाय ‘व्हॅलोरंट’ अॅपलच्या मॅकवर मिळत नाही. मॅक कितीही उत्तम असला तरी ती अडचण राहतेच. यासाठी मुलाने आपल्या पाच आवडत्या खेळांची नावे कागदावर लिहावी आणि प्रत्येकाच्या निर्मात्याने सांगितलेली गरज त्यापुढे मांडावी. या एका कागदाने पुष्कळदा वीस-तीस हजार रुपये वाचतात.

पडद्याचाही हिशेब आहे. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात, २५६० बाय १६०० वर सुमारे ४१ लाख, आणि ज्यास ‘फोर-के’ म्हणतात त्यावर ८३ लाख. ठिपके दुप्पट झाले की नेपथ्याचे कामही जवळजवळ दुप्पट वाढते. चिप मध्यम आणि पडदा भारी, अशी जोडी म्हणजे अंथरूण लहान आणि पाय लांब. मध्यम चिपला पहिला पडदा, १४४ हर्ट्झचा, पुष्कळ शोभतो. मात्र त्याचे रंग पाहावेत. ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेला पडदा फिका दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असलेला डोळ्यांस सुखावतो.

प्रोसेसरच्या नावातील शेवटची अक्षरेही वाचावीत. ‘यू’ म्हणजे काटकसरीचा, ‘एच’ म्हणजे जोरकस, ‘एचएक्स’ म्हणजे त्याहून जोरकस, असा साधारण संकेत आहे. केवळ पहिल्या आकड्यावरून मात्र नवेपण ठरवू नये. एएमडीच्या २०२२ मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीत तिसरा अंक अंतर्गत रचनेची पिढी सांगतो. त्यामुळे ‘७५३५एचएस’ आणि ‘७६४०एचएस’ एकाच मालिकेचे भासले तरी पहिल्याची रचना एक पिढी जुनी आहे. रॅम १६ जीबी असावी, आणि पुढे वाढविण्यास जागा आहे का, तेही विचारावे. साठवणुकीची एसएसडी १ टीबीची घेता आली तर बरे. ‘बाल्डर्स गेट ३’ सारखा एकच खेळ १५० जीबी जागा मागतो.

बॅटरीविषयी भ्रम नसावा. विमानात परवानगीवाचून नेता येणारी बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतचीच असते, म्हणून बहुतेक निर्माते त्या आतच राहतात. ८० वॅट-तासांच्या बॅटरीतून १६० वॅट ओढले तर अर्ध्या तासात ती संपेल. म्हणून यंत्र बॅटरीवर आपण होऊनच वेग कमी करते. खेळ हा भिंतीजवळ, तारेला जोडून खेळावयाचा. तसे असेल, आणि यंत्र घरातच राहावयाचे असेल, तर त्याच पैशांत डेस्कटॉप अधिक काम देतो, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. वसतिगृह आणि घर अशी ये-जा असलेल्यासच लॅपटॉपचे खरे प्रयोजन आहे. विजेचे म्हणाल, तर २०० वॅटचे यंत्र रोज तीन तास चालले की महिन्याला १८ युनिट होतात.

शेवटी दुकानातील एक सोपी परीक्षा. तपशिलाचे पान हाताशी नसेल तर चार्जर पाहावा. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. १९.५ गुणिले ७.७ म्हणजे १५० वॅट. २० गुणिले ११.५ म्हणजे २३० वॅट. दीडशे वॅटच्या चार्जरवर चिपचे ११५ वॅट, प्रोसेसरचे ४५ वॅट आणि पडदा, पंखे हे सारे एकाच वेळी पुऱ्या जोमाने चालणे शक्य नाही, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. यंत्र चालू करता आले तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे चिपची कमाल वीज लिहिलेली असते. आणि एखाद्याने केलेली चाचणी वाचताना पहिल्या पाच मिनिटांचा वेग सोडून अर्ध्या तासानंतरचा वेग पाहावा, कारण यंत्र तापल्यावरच त्याचा खरा स्वभाव कळतो.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती, की ‘खेळायचे यंत्र’ म्हणून नाक मुरडून सारी निवड मुलावर सोडू नये. आणि तरुण मित्रांस विनंती, की वडिलांपुढे नाव टाकण्याऐवजी आकडे मांडावेत. दोघांनी एका संध्याकाळी बसून खेळांची यादी, वॅट, स्मृती, पडदा आणि वजन अशी पाच घरे आखून दोन-तीन यंत्रांची माहिती त्यांत भरावी, आणि तो कागद घेऊनच दुकानाची पायरी चढावी. दुकानदाराने सांगितलेला वॅटचा आकडा पावतीच्या मागे लिहून मागावा. जो विक्रेता आनंदाने लिहून देईल, त्याच्याकडून घ्यावे.