वेरूळहून पॅरिसला : रूसेलचा सेरेनेड

वणीच्या माणसाला कड्यात कोरलेल्या देवीचे नवल सांगायला नको. सप्तशृंगी डोळ्यांसमोर असतेच. आल्बेर रूसेल (1869–1937) या फ्रेंच संगीतकाराला मात्र 1909 साली पत्नीसह भारतात आल्यावर वेरूळची लेणी नवीनच होती. एकेकाळी नौदलात अधिकारी असलेल्या या माणसाने परतल्यावर ‘एव्होकासियों’ हे मोठे वाद्यवृंदकाम लिहिले. त्याचा पहिला भाग गुहांच्या अंधारातल्या देवांवर आहे.

ते काम थोडे तरी ठाऊक असते. 1925 चा ‘सेरेनेड’ मात्र आपल्याकडे फारसा ऐकलाच जात नाही. बासरी, व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि हार्प अशी पाचच वाद्ये, तीन भाग, सुमारे पाव तास. दिवाणखान्यात बसून ऐकावे असे संगीत, म्हणजेच चेंबर म्युझिक. इथे कोणी एकटा नायक नसतो. सूर एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जात राहतो. मधल्या संथ भागात बासरी लांब, वळणदार ओळ गाते आणि तंतुवाद्ये तिच्याखाली सूर धरून ठेवतात. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला हे परके वाटत नाही.

वर्षभर आधी, 1924 मध्ये, रूसेलने बासरी-पियानोसाठी चार तुकडे लिहिले. त्यांतल्या ‘कृष्ण’ या तुकड्यातली स्वरमाला श्री रागाशी जुळते आणि लय सात मात्रांची आहे. भारतप्रवास त्याच्या कानात किती खोल उतरला होता, ते यावरून कळते.

सेरेनेड प्रथमच ऐकणार असाल, तर मधल्या भागापासून सुरुवात करा.