‘दॅट’च्या आधी काय लिहिलंय?

आज बोलायचंय इंग्रजी वाक्याबद्दल. रेडिओ बंद करू नका, शाळेतला तास घेणार नाही. पण एका वाक्यापायी आमच्या जांब्यातल्या एका गटाचा शेवयांचा हंगाम गेला, ते ऐकून घ्या.

संक्रांतीनंतर गटाला बँकेचं पत्र आलं. शेवयांच्या मशिनसाठी कर्ज मागितलं होतं. पत्र इंग्रजीत. अध्यक्षताईंनी बारावीतल्या पुतणीला वाचायला बसवलं. वाक्य होतं, “वुई आर नॉट येट सॅटिस्फाइड दॅट द डॉक्युमेंट्स सबमिटेड बाय युअर ग्रुप आर कम्प्लीट.” पोरीने बोट फिरवत वाचलं आणि शेवटावर थांबून म्हणाली, “डॉक्युमेंट्स आर कम्प्लीट. कागद पूर्ण आहेत, काकू.” सगळ्या खूश. मशिनवाल्याला दोन हजार विसार देऊन झाला. दीड महिना पैसे येईनात, तेव्हा आम्ही शाखेत गेलो. साहेब म्हणाले, “ठरावाची प्रत राहिलीय, तसं पत्र पाठवलं होतं ना!” पुढे कर्ज मिळालं, पण तोवर अक्षय्य तृतीया उलटली होती. घरोघरी शेवया वाळवून डब्यात गेल्या होत्या. विसारही बुडाला.

पोरीला कुणी रागवू नये. तिला त्या वाक्यातला एकूण एक शब्द येत होता. चुकलं ते कान देण्याच्या जागेत.

आपली मराठी निकाल शेवटी देते. “तुमचे कागद पूर्ण आहेत असं आम्हाला अजून वाटत नाही.” शेवटचं ‘नाही’ ऐकेपर्यंत काहीच ठरत नाही. लग्नाच्या बोलणीत पाहा ना, समोरचे म्हणतात, “मुलगी आम्हाला पसंत...” आणि सगळं घर पुढच्या शब्दासाठी श्वास धरून बसतं. लहानपणापासून आपला कान असा वाक्याच्या शेपटाकडे लागलेला असतो. इंग्रजी अशा वाक्यात उलटं करते. मनातलं आधी सांगते: सॅटिस्फाइड, नॉट सॅटिस्फाइड, सॉरी, ग्लॅड, शुअर. मग ‘दॅट’ येतो, आणि ज्याबद्दल हे सगळं चाललंय ती गोष्ट त्याच्या मागे. त्या मागच्या भागात ‘नाही’ पुन्हा येत नाही. म्हणून तेवढाच तुकडा वाचला तर तो धडधाकट, पूर्ण वाक्य वाटतो. “डॉक्युमेंट्स आर कम्प्लीट.” खरं तर ते दार आहे, आणि बिजागरीने आधीच्या शब्दाला टांगलेलं आहे.

तशी बिजागरी आपल्याकडेही आहे. शाळेत उभयान्वयी अव्ययं पाठ केली होती, त्यातलं हे ‘की’. “मला खात्री आहे की तू येशील.” इथे मराठीनेही खात्री आधी सांगितली. पण घरात, बांधावर आपण जास्त करून “तू येशील याची खात्री आहे” किंवा “तू येणार म्हणून सांगितलंय मी त्यांना” असंच बोलतो. शिवाय आपण ‘खात्री’, ‘आनंद’, ‘वाईट’ ही मनाची अवस्था माणसाला ‘होते’ किंवा ‘वाटतं’ म्हणतो. मला आनंद झाला, मला वाईट वाटलं. इंग्रजीत माणूस स्वतःच ‘हॅपी’ असतो, ‘सॉरी’ असतो. म्हणून “मी आनंदी आहे की तुम्ही आलात” हे मराठी कानाला खुपतं. “तुम्ही आलात, बरं वाटलं” एवढंच आपण म्हणू.

आता ‘दॅट’च्या आधीचे शब्द. सगळे एका माळेचे मणी नाहीत. बैठकीत आम्ही त्यांचे दोन ढीग करतो. एका ढिगात ग्लॅड, हॅपी, प्लीज्ड, सॉरी, सरप्राइज्ड, अवेअर. हे शब्द आले की लिहिणाऱ्याने पुढची गोष्ट घडली असं धरलेलंच आहे. मध्ये ‘नॉट’ घातला तरी फरक पडत नाही. “वुई आर नॉट हॅपी दॅट द इन्स्टॉलमेंट वॉज पेड लेट” यातला ‘नॉट’ फक्त आनंद पुसतो, हप्त्याचा उशीर तसाच राहतो. सगळ्यात जपायचं ते ‘अवेअर’पासून. “आर यू अवेअर दॅट टू इन्स्टॉलमेंट्स आर ओव्हरड्यू?” म्हणजे दोन हप्ते थकले आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का? तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, हप्ते थकलेत हे विचारणाऱ्याने गृहीतच धरलं. अशा प्रश्नाला हो-नाहीचं उत्तर लिहून सही करू नये. आधी विचारावं, कुठले दोन? पासबुक काढा.

दुसऱ्या ढिगात शुअर, सर्टन, कॉन्फिडंट, होपफुल, सॅटिस्फाइड. इथे पुढची गोष्ट खरी असेल, नसेलही. “वुई आर होपफुल दॅट द सबसिडी विल बी रिलीज्ड” याचा अर्थ अनुदान अजून आलेलं नाही, कुणीतरी आशा धरून आहे. आणि “आय ॲम शुअर” म्हणणाऱ्याची खात्री ही त्याची स्वतःची असते. एजंट कितीही शुअर असो, मंजुरी बँकेने द्यायची असते.

याच घरातले आणखी काही शब्द ‘इट इज’ घेऊन येतात. इट इज पॉसिबल दॅट, इट इज लाइकली दॅट, इट इज क्लिअर दॅट. एका मावशींनी बैठकीत विचारलं, “हा इट म्हणजे नक्की कोण?” कोणी नाही, मावशी. एसटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसा तो जागा धरायला टाकलेला रुमाल आहे. इंग्रजी वाक्याला सुरुवातीची जागा रिकामी चालत नाही. खरा प्रवासी ‘दॅट’च्या मागून चढतो. म्हणून ‘इट’चा अर्थ शोधत बसू नका. ‘पॉसिबल’ आहे की ‘क्लिअर’ ते पाहा, कारण ‘होऊ शकतं’ आणि ‘उघड आहे’ यात केवढं अंतर! ‘इट इज मँडेटरी दॅट ऑल मेंबर्स बी प्रेझेंट’ अशा वाक्यात मात्र ‘आर’च्या जागी ‘बी’ दिसला तर ती छपाईची चूक समजू नका. सगळ्यांनी हजर राहायचंच, असा तो हुकूम आहे.

हिंजवडीच्या कंपन्यांमध्ये साफसफाईच्या कामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी जणींना मोबाइलवर इंग्रजी निरोप येतात. एकीला सुपरवायझरचा आला, “आय ॲम अफ्रेड युअर लीव्ह इज नॉट ॲप्रूव्हड.” तिने डिक्शनरीत ‘अफ्रेड’ पाहिला आणि आम्हाला विचारलं, “ताई, हा माणूस मला कशाला घाबरतोय?” खूप हसलो. तो घाबरत नव्हता, रजा नाकारताना इंग्रजीत असं नरमाईने म्हणतात. पण या निरोपात आणखी एक गोष्ट आहे. ‘दॅट’ कुठे गेला? शुअर, सॉरी, ग्लॅड, अफ्रेड यांच्यापुढे बोलताना आणि निरोपात तो सर्रास गाळतात. आपण वाचताना मनात घालून घ्यायचा.

गटाचं इतिवृत्त कुणी इंग्रजीत मागितलं तर एक अडचण येते. “शी इज शुअर दॅट शी साइन्ड.” सही कोणी केली? तिनेच, की दुसऱ्या कोणी? इंग्रजीत दोन्ही ‘शी’च. मराठीत “आपण सही केली याची तिला खात्री आहे” म्हटलं की कळतं तिनेच केली. ‘आपण’ हा शब्द किती कामाचा आहे, हे इंग्रजी लिहायला बसल्यावर समजतं. तिथे सरळ नाव लिहावं.

रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज आणि छोट्या उद्योगांचं मुदत कर्ज देताना व्याज, शुल्क, हप्ते यांचं मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, आणि ते समजावून सांगावं लागतं. इंग्रजीत ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ म्हणतात. स्वतःच्या नावाने कर्ज घेताना ते मराठीत मागा, संकोच नको.

मराठीत मिळालं म्हणजे मान सैल सोडून वाचावं असंही नाही. “आपणांस कळविण्यास खेद होतो की...” ही कचेरीतली मराठी इंग्रजीच्याच वळणाची आहे. तिथेही ‘की’च्या आधीचा ‘खेद’ नजरेतून सुटला, तर पुढचं सगळं गोड वाटू शकतं.