‘टू-टूच आहे ना?’ : रिमफायर पिस्तुलाबद्दलचे गैरसमज

रेंजवर कुणाचं नवं पिस्तूल आलं की लेनच्या मागे लगेच चार-पाच जण जमतात. पेटी उघडली जाते, ग्रिपवरून हात फिरतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, “अरे, टू-टूच आहे ना? मग कानाला कशाला काही लावायचं?” नेमबाजी शिकवताना हे वाक्य मी कितीदा ऐकलं याची गणती नाही. दर वेळी मला तितकीच काळजी वाटते, कारण पुढच्या बहुतेक चुका याच एका समजुतीतून निघतात.

गोळी लहान आहे, हे खरंच. शिशाची, साधारण 40 ग्रेनची, म्हणजे जेमतेम 2.6 ग्रॅम वजनाची. व्यास 5.6 मिलिमीटर. टू-टू म्हणजे .22. त्याचं ‘.22 लाँग रायफल’ हे काडतूस अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने 1887 मध्ये आणलं. नावात रायफल असली तरी पिस्तुलातही हेच चालतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं ते याच काडतुसावर. विजय कुमारचं लंडनमधलं 2012 चं रौप्य याच काडतुसाचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेही यावरच.

पण लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. काडतुसांच्या डबीवर बारीक अक्षरांत एक इशारा असतो, तो क्वचितच कुणी वाचतं: गोळी दीड मैलापर्यंत धोकादायक. म्हणजे जवळजवळ 2.4 किलोमीटर. आपलं लक्ष्य 25 मीटरवर असतं म्हणून गोळीचा पल्लाही तेवढाच, असं मनात बसतं. लक्ष्याच्या मागे गोळी अडवणारी भिंत किंवा मातीचा बांध असतो, तो उगाच नसतो. एअर पिस्तुलावर सराव करून आलेल्या मुलांना तर हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

आता कानांबद्दल. .22 पिस्तुलाचा धक्का मनगटाला फारसा जाणवत नाही, म्हणून आवाजही सोसण्यासारखा आहे असं वाटतं. हातातल्या पिस्तुलाची नळी आखूड असते, त्यामुळे स्फोट चेहऱ्याच्या जवळ होतो आणि आवाजाचा कडाका 140 डेसिबलच्या वर जातो. या पातळीचा एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. कान झाकणारे मफ नेमबाजाने लावायचे तसेच मागे उभ्या असलेल्यांनीही. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तापलेली पुंगळी शेजारच्या लेनमध्येही उडते. आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षिली जाते: गोळी उघड्या शिशाची असते आणि बहुतेक काडतुसांच्या पेट घेणाऱ्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं. ते बोटांना, बाहीला लागतं. सराव संपवून तसंच कँटीनमध्ये जाऊन वडापाव खाणारी मुलं मला दिसतात, तेव्हा मी त्यांना आधी साबणाने हात धुवायला पाठवतो.

‘रिमफायर’ म्हणजे नेमकं काय, हे समजायला एक रिकामी पुंगळी उचलून तळहातावर घ्या. बुडाला बारीक कड आहे आणि त्या कडेवर एका जागी चेपल्याची खूण. मोठ्या काडतुसांत पेट घेणारी टिकली बुडाच्या मध्यभागी असते. इथे तो मसाला कडेच्या पोकळीत भरलेला असतो आणि फायरिंग पिन कडेवरच आदळते. म्हणूनच ही पुंगळी पुन्हा भरून वापरता येत नाही. एखाद्या काडतुसाच्या कडेत मसाला सारखा पसरलेला नसला की चाप दाबूनही बार होत नाही. लोक लगेच “पिस्तूल खराब निघालं” म्हणतात. बहुधा दोष त्या एका काडतुसाचा असतो. अशा वेळी घाई नको. नळी लक्ष्याकडेच ठेवायची, बोट चापावरून काढायचं, निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण बार उशिरानेही होऊ शकतो. मगच काडतूस बाहेर काढायचं. स्पर्धेत असाल तर मोकळा हात वर करून पंचांना बोलवायचं.

रिकामं पिस्तूल चालवून चापाचा सराव करण्याबाबत दोन टोकाची मतं ऐकू येतात. काही रिमफायर पिस्तुलांत आत काडतूस नसेल तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि दोन्हींची हानी होते. स्पर्धेसाठी बनवलेल्या बऱ्याच पिस्तुलांत मात्र यासाठी वेगळी सोय असते. सोबत आलेली पुस्तिका वाचा, दुसरा उपाय नाही.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारा गैरसमज म्हणजे, एवढे पैसे मोजले तर पहिल्याच दिवशी दहात लागायला हवं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचं नवं पिस्तूल आलं, तेव्हा तिने पहिला बार डावीकडे खाली लागताच साईटच्या स्क्रूला हात घातला. मी तिला थांबवलं. नळीत कारखान्यातलं तेल होतं आणि अशा नळीतून सुरुवातीचे बार विखुरतातच. आधी ग्रिप पाहिली. तळव्याशी फट राहत होती, तिथे लाकडाची पुट्टी लावून, घासून, हाताच्या मापाची केली. मग तीन वेगवेगळी काडतुसं घेऊन प्रत्येकाचे पाच-पाच बार. पहिल्याचा ग्रुप पसरट आला, दुसऱ्याने दोनदा पिस्तूल जॅम केलं. तिसऱ्याची पाचही भोकं एकमेकांना चिकटून, पण सगळी डावीकडे खाली. तेव्हा कुठे साईट फिरवली, एकेक क्लिक मोजत. आधी ग्रुप जमला पाहिजे, मग तो मध्यावर आणायचा. एका नळीला मानवणारं काडतूस दुसरीला मानवेलच असं नाही, म्हणून जाणते नेमबाज एकाच लॉटची काडतुसं साठवून ठेवतात.

“नजर लक्ष्यावर ठेव” हा घरच्यांचा प्रेमळ सल्लाही चुकीचाच. नजर पुढच्या साईटवर हवी. नियमानुसार दोन साईटमधलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर. पुढची साईट मागच्या खाचेत केवळ 1 मिलिमीटर सरकली तर 25 मीटरवर गोळी 11 सेंटिमीटरहून जास्त भरकटते, आणि प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमबाजीच्या भागातल्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ अवघं 5 सेंटिमीटरचं! उलट दोन्ही साईट एका रेषेत राहून सगळा हातच 1 मिलिमीटर हलला, तर फरकही तेवढाच पडतो. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल, साईट ठसठशीत दिसली पाहिजे.

चाप जड लागतो म्हणून तक्रार करणाऱ्यांसाठी: एअर पिस्तुलाच्या चापाला किमान 500 ग्रॅम वजन पेललं पाहिजे, 25 मीटर पिस्तुलाच्या चापाला 1000. म्हणजे दुप्पट. 25 मीटर पिस्तुलाच्या रॅपिड, म्हणजे झटपट भागात लक्ष्य 3 सेकंद दिसतं आणि हात 45 अंशांवरून वर आणून तेवढ्यात बार करायचा असतो. सवय व्हायला काही महिने जातातच.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. 20 जूलपेक्षा कमी शक्तीच्या .177 एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून .22 लाही लागत नसावा, असं पालक गृहीत धरतात. .22 पिस्तूल हे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतोच, आणि खेळाडूंसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. नेमबाजी संघटनेतून त्यांची माहिती घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

तर पुढच्या वेळी कुणाचं नवं पिस्तूल पाहायला लेनच्या मागे उभे राहाल, तेव्हा आधी कान झाका. आणि ते हातात आलं, तर नळी लक्ष्याकडे ठेवून चेंबर स्वतः उघडून पाहा. समोरचा “रिकामं आहे” म्हणाला, तरीही.