पावसातील सायकल आणि कोरडी पावले

उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात. त्यामुळे ब्रह्मपुरीच्या परिसरात शाळेचे पहिले दिवस आणि पावसाचे पहिले दिवस बहुधा हातात हात घालून येतात. एकीकडे बांध्यांत रोवणीची लगबग सुरू होते, तर दुसरीकडे आसपासच्या खेड्यांतून शाळा-महाविद्यालयांकडे सायकलींची रांग लागते. डोक्यावर टोपी असते, अंगात रेनकोट असतो, दप्तरावर प्लास्टिक असते. पावलांचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. ओल्या बुटांत दिवसभर बसलेली मुले आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यांत खाज आणि जळजळ सांगू लागतात. यालाच आपण चिखल्या म्हणतो.

सतत भिजलेली त्वचा पांढरी पडते, फुगते आणि तिचे संरक्षक आवरण दुबळे होते. तेथे बुरशी सहज रुजते आणि बारीक भेगांतून जंतू आत शिरतात. व्हिएतनाम युद्धात भातखाचरांतून दिवसेंदिवस वावरणाऱ्या अमेरिकी सैनिकांची पावले याच कारणाने निकामी होत. त्यांना थंडी नव्हे, कोमट पाणी बाधले होते. आपल्याकडचा पाऊसही उबदार असतो. म्हणून पाय भिजू नये याची जेवढी काळजी घ्यावी, तेवढीच भिजलेला पाय लवकर कोरडा व्हावा याचीही घ्यावी.

बुटांवर चढवायची जलरोधक आवरणे, म्हणजेच शू कव्हर, निवडताना हे सूत्र उपयोगी पडते. निओप्रिनची जाड आवरणे थंड प्रदेशांतील सायकलस्वारांसाठी असतात. ती पायाची ऊब धरून ठेवतात. आपल्या दमट हवेत त्यांत पाय घामानेच भिजतो. जलरोधक लेप दिलेल्या कापडाची आवरणे हलकी असतात, पण शिवणीतून पाणी झिरपते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असेल तरच ती घ्यावीत. एकसंध साच्यातील सिलिकॉनच्या आवरणांना शिवण नसते, ती धुतात आणि लगेच वाळतात. रोजच्या साध्या सायकलीसाठी ती सोयीची. मात्र टोकदार खडीने ती फाटतात.

कोणत्याही आवरणाची झीज सायकल चालवण्यापेक्षा पायी चालण्याने अधिक होते. म्हणून टिकाऊपणा पाहायचा तो तळव्यात. तळवा जाड आणि खाचांचा असावा, म्हणजे ओल्या पायडलवरून पाय घसरणार नाही. टाच आणि चवडा दुमडून पाहावा. आणल्यावर आवरणात पेलाभर पाणी ओतून ते कोरड्या वर्तमानपत्रावर थोडा वेळ ठेवावे. गळती लगेच कळते. माप रोजचा बूट घालूनच घ्यावे. फार ताणलेले आवरण लवकर फाटते, तर सैल आवरण साखळीत अडकते. टाचेवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असल्यास संध्याकाळी मागच्या वाहनाला सायकलस्वार दिसतो.

पाणी पायात शिरते ते बहुधा वरून. कौलारू छपरात वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी घरंगळून जाते. तोच नियम येथे लागू होतो. रेनकोटची विजार आवरणाच्या बाहेरून यावी, आत खोचलेली नसावी. दुसरे पाणी पुढच्या चाकातून उडते. मडगार्डच्या खालच्या टोकाला जुन्या ट्यूबची रुंद पट्टी लावली, तर अल्प खर्चात पावलांवर येणारा बराचसा चिखल अडतो.

प्रत्येक घराला अशी आवरणे घेणे शक्य नसते आणि त्यावाचून अडतही नाही. मागे पट्टा असलेली, खाचदार तळव्याची रबरी सँडल पायात घालावी आणि कोरडे मोजे व बूट पिशवीत बांधून न्यावेत. साधी चप्पल टाळावी, ती पायडलवरून निसटते. पायाला जखम असेल किंवा रस्त्यावर पाणी साचले असेल, तर मात्र उघडी सँडल नको. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. वाहत्या पुरात तर कोणतेही आवरण कामाचे नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या महापुराने या तालुक्यातील अनेक गावांना वेढले होते. रपट्यावरून पाणी जात असेल, तर सायकल वळवून घरी परतणे हेच शहाणपण.

मुक्कामी पोहोचताच आवरणे काढावीत, कारण त्यांतून घामही बाहेर पडत नाही. पाय स्वच्छ पाण्याने धुऊन प्रत्येक बेचका टिपून कोरडा करावा. मोजे रोज बदलावेत. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ ठेवल्यास डिंक सुटतो. रात्रभर पाय उघडे आणि कोरडे राहिले, की त्वचेला सावरायला अवधी मिळतो.

चिखल्यांवर दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. खाज तात्पुरती थांबते, बुरशी मात्र पसरते. घरातील मधुमेही व्यक्तीची पावले कोणीतरी रोज उजेडात पाहावीत. संवेदना कमी झालेल्या पायाला जखम कळतच नाही. पाय लाल होऊन सुजला, पू आला किंवा साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली दिसली, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे आणि पाण्यातून गेल्याचे आवर्जून सांगावे.

शाळा दूर असलेल्या मुलींना सायकलीने शिक्षणाची वाट मोकळी करून दिली आहे. ती वाट पावसाळ्यात दुखऱ्या पावलांमुळे अडू नये. त्यासाठी संध्याकाळी दाराशी एक कोरडे फडके आणि घरातल्या मोठ्यांची दोन मिनिटे पुरेशी आहेत.