स्लॅप वाजला की कान फुटतात, बोटांनी वाजवलं की बेस गायब: लेव्हल जुळवायची कशी?

बेस गिटारवर कडवं बोटांनी आणि मुखडा स्लॅपने वाजवला की रेकॉर्डिंगवर हमखास तक्रार येते: कडव्यात बेस ऐकूच येत नाही आणि स्लॅप आला की एकदम दचकायला होतं. मग स्लॅपच्या जागी सरळ व्हॉल्यूम खाली ओढला जातो. पण तेवढ्याने काम होत नाही, कारण दोन्हींच्या आवाजाचा आकारच वेगळा असतो.

बोटांनी तार छेडली की आवाज गोलसर सुरू होतो आणि टिकतो. स्लॅपमध्ये अंगठा तारेवर आदळतो, तार फ्रेटवर आपटते आणि सिग्नल काही मिलिसेकंदांत उंच उडी मारून खाली येतो. ही उडी म्हणजे पीक. आपला कान मात्र पीक मोजत बसत नाही, तो थोड्या वेळाची सरासरी धरतो. त्यामुळे मीटरवर दोन्हींचे पीक बरोबर जुळवले, तर बोटांचा भागच जास्त भरीव वाटतो आणि स्लॅप किरकिरा. मीटर बघून बॅलन्स करू नका ते यासाठी.

आता गंमत फोनची. बेसची सर्वात जाड मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो सूर काढणं जमतच नाही. स्लॅपचा टणत्कार वरच्या फ्रिक्वेन्सीत असतो, तो मात्र ठणठणीत ऐकू येतो. म्हणजे फोनवर जो फरक जाणवतो, त्यातला बराचसा फोनचाच असतो! उपाय म्हणून बोटांच्या भागाला ईक्यूवर ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास थोडा उठाव द्या, किंवा अगदी हलका ओव्हरड्राइव्ह. वरचे हार्मोनिक ऐकू आले की खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो.

रेकॉर्डिंग करताना इनपुट गेन नेहमी सगळ्यात जोरदार स्लॅप वाजवून लावा. पीक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहिला की बास. हळू भागावर गेन लावला तर पहिल्याच स्लॅपला सिग्नल क्लिप होतो, आणि क्लिप झालेलं नंतर नीट दुरुस्त होत नाही. ॲम्पसमोर फोन ठेवून कॅमेऱ्याने रील काढत असाल तर आणखी एक भानगड: बरेच फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतात. मोठा स्लॅप आला की फोन सगळंच दाबतो, आणि लगेच पुढचे बोटांचे दोन-तीन सूर त्यात बुडतात. म्हणून शक्य असेल तर ऑडिओ इंटरफेस लावून ॲपमध्ये वेगळा ट्रॅक घ्या.

मग कंप्रेसर. थ्रेशोल्ड असा ठेवा की बोटांनी वाजवताना तो जेमतेम हलेल आणि स्लॅपला नीट काम करेल. रेशो ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर उरतो. अटॅक १० मिलिसेकंदांपासून सुरू करून कानाने ठरवा. फार कमी ठेवला तर टणत्कार मरतो, फार जास्त ठेवला तर पीक तसाच निसटतो. रेकॉर्डिंगच असेल तर मी याहून सोपं करतो: स्लॅप आणि बोटं दोन वेगळ्या ट्रॅकवर टाकतो, म्हणजे एका कंप्रेसरला दोघांची मर्जी सांभाळावी लागत नाही. पिकने वाजवलेल्या भागालाही हेच लागू, फक्त तिथे उडी सहसा स्लॅपइतकी उंच नसते.

हे सगळं करण्याआधी हात तपासा मात्र. स्लॅप म्हणजे जोर नव्हे, मनगटाचा झटका. त्यातही अंगठ्यापेक्षा बोटाने तार खेचून सोडलेला पॉप बहुधा जास्त उसळतो, त्यामुळे आधी तो आवरा.

आणि फरक पूर्ण पुसूही नका. लॅरी ग्रॅहम यांनी ही पद्धत रुजवली तीच मुळी आईसोबत वाजवताना ड्रमर नव्हता म्हणून: अंगठा किक ड्रमच्या जागी, खेचलेली तार स्नेअरच्या जागी. ड्रमसारखा तो थोडा पुढे यायलाच हवा. माझ्या कानाला १-२ डेसिबल पुढे असलेला स्लॅप बरा वाटतो, पण तुमचं मिक्स आधी इअरफोनवर आणि मग फोनच्या स्पीकरवर, अगदी कमी आवाजात ऐकून ठरवा.