बारदाना आणि सायकलीचे वजन

निलंग्याच्या मोंढ्यात सोयाबीनचे पोते काट्यावर चढते, मापाडी आकडा पुकारतो, आणि त्यातून बारदान्याचे वजन वजा होऊन जे उरते तेच हिशेबपट्टीवर नमूद होते. काय तोलले आणि काय वगळले हे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत घडलेले असते, म्हणून किलोभराची तफावत दिसली तरी तो जागच्या जागी तक्रार करू शकतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने घेतलेली गिअरची सायकल आम्ही अशाच एका काट्यावर चढवली, तेव्हा कंपनीच्या पत्रकात साडेबारा किलो म्हणून छापलेले तिचे वजन पावणेचौदा किलो भरले.

पहिला संशय काट्यावर गेला, आणि तो अगदीच अशास्त्रीय नव्हता. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूत वस्तू आणि वजनमाप या दोहोंवर पृथ्वीचे आकर्षण सारखेच पडत असल्यामुळे तो कोठेही नेला तरी एकच उत्तर देतो. आजचा इलेक्ट्रॉनिक काटा मात्र वस्तूचा दाब मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण विषुववृत्ताकडे किंचित क्षीण होत जाते. जर्मनीत पन्नास अक्षांशांच्या आसपास जुळवलेला काटा अठरा अक्षांशांवरील निलंग्यात तसाच वापरला, तर तो किलोमागे सुमारे ३ ग्रॅम कमी दाखवील. म्हणजे या कारणाने सायकल हलकी भरावयास हवी होती, जड नव्हे.

खरा दोष त्या आकड्याच्या व्याख्येत आहे. सांगाड्याचे वजन पुष्कळदा सर्वांत लहान मापाचे, कित्येकदा रंग चढण्यापूर्वीचे आणि बोल्ट-क्लॅम्प वगळून दिलेले असते. चाकाच्या वजनात रिमवरची पट्टी व आस धरलेला नसतो. ब्रेकच्या वजनात केबल नसते. साखळीचे वजन ठराविक कड्यांपुरते असते. आणि संपूर्ण सायकलीचे म्हणून जे वजन छापतात त्यातून पेडलच गाळलेले असतात. मोंढ्यात बारदाना वजा करतात, कारण तो धान्य नव्हे. पेडल, केबल आणि आस यांवाचून सायकल एक हातही पुढे सरकत नाही, आणि तरीही ते बारदान्यासारखे वजा होतात. वजन करताना काय काय काट्यावर होते हे सांगितले नाही, तर त्या आकड्यास मापन म्हणता येत नाही.

या ग्रॅमांनी स्वाराचे कितीसे बिघडते? स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर २०० ग्रॅमांची भर पाव टक्क्याची. तासभराच्या खड्या चढणीवर ती जेमतेम ९ सेकंद खाईल, आणि लातूरच्या सपाट रस्त्यावर, जेथे मुख्य वैरी वारा असतो, ती जाणवणारही नाही. रिमवरचे वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट भासते हे खरे, परंतु एकदा वेग स्थिर झाला की तेही मुकाट्याने फिरते. मग जे शरीराला कळत नाही त्याचे दाम कशाचे घेतात? केवळ त्या छापील आकड्याचे. म्हणूनच तो आकडा खरा असला पाहिजे. शर्यतीच्या जगात ही शिस्त आहे: आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००० सालापासून ६.८ किलोंची किमान मर्यादा मुक्रर केली, आणि तेथे सायकल पेडलांसह प्रत्यक्ष तोलतात.

आपल्याकडे वजनमापांचा देशव्यापी मेट्रिक कायदा १९५६ साली झाला. आज २००९ च्या वैधमापन कायद्याखालील नियमांनुसार वजनावर विकल्या जाणाऱ्या ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पुड्यात १५ ग्रॅमांहून अधिक तूट चालत नाही. सायकलीचा भाग मात्र ‘१ नग’ म्हणून विकला जातो, सबब पत्रकातल्या वजनास ही मर्यादा लागत नाही. डाळीच्या पुड्याला जे संरक्षण आहे ते हजारो रुपयांच्या चाकाला नसावे, हे मला अन्यायाचे वाटते. तथापि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा सायकल घेताना दुकानदारास विचारावे, की हे वजन कोणत्या मापाच्या सांगाड्याचे, पेडलांसह की पेडलांविना. उत्तर पावतीवर लिहून घ्यावे, आणि घरी नेण्यापूर्वी एकदा काट्यावर चढवून खातरजमा करावी. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.