चाळीस मायक्रॉनची शिल्लक

जुन्या गाड्यांच्या यार्डात भर दुपारी गेलात, तर आठ-दहा वर्षं पळालेली गाडीही लखलखत असते. काळ्या बॉनेटवर एक ओरखडा दिसत नाही. सौदा होतो, गाडी घरी येते, दोन-तीनदा धुतली जाते आणि एका संध्याकाळी पार्किंगच्या दिव्याखाली त्याच बॉनेटवर बारीक वर्तुळांचं जाळं उमटलेलं दिसतं. विकणाऱ्यानं फसवलं म्हणायला जागा आहे, पण त्यानं वापरलेली युक्ती शाळेच्या पुस्तकातल्या अपवर्तनाची आहे.

गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एकाच दिशेनं परततो. ओरखड्याच्या उतरत्या कडांवरून मात्र तो भलतीकडे जातो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत शिरतो. हवेचा अपवर्तनांक १ आणि गाडीवरच्या पारदर्शक थराचा साधारण १.५. या तफावतीमुळे ती कड चमकते. ओरखड्यात तेल भरलं, की तेलाचा अपवर्तनांक १.४ ते १.५ असल्यामुळे प्रकाशाच्या लेखी ती कड जवळजवळ नाहीशी होते. धुतलेली गाडी ओली असेपर्यंत नवी दिसते तीही याचमुळे; पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. स्वस्त पॉलिश, डिझेलचं फडकं, सिलिकॉनचा फवारा हे सगळं ओरखडे बुजवतं, काढत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन वीतभर जागा पुसा आणि त्यावर मोबाइलचा टॉर्च धरा, म्हणजे खरा रंग कळतो. विकणाऱ्यानं पुसू दिलं नाही, तरी उत्तर मिळालंच.

त्या पुसलेल्या जागेखाली काय असतं? कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटचा अगदी पातळ लेप चढतो. मग अख्खा सांगाडा हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात आणि सुमारे २० मायक्रॉनचा ‘ई-कोट’ कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. गंज अडवण्याचं मुख्य काम त्याचं. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर. मग जो रंग बघून आपण गाडी पसंत करतो तो, जेमतेम १५ मायक्रॉनचा. आणि सगळ्यांत वर ४० मायक्रॉनच्या आसपासचा रंगहीन ‘क्लिअर कोट’. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर ज्या थरात सगळी चमक राहते तो केसापेक्षाही पातळ. फियाट-अ‍ॅम्बेसेडरच्या जमान्यात रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. जुन्या पांढऱ्या गाडीवर हात फिरवला, की तळव्याला पूड लागायची. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांत भोवतालचं रेझिन खात असे आणि वर उरत असे सुटं रंगद्रव्य. पॉलिश केलं की खालचा ताजा रंग वर यायचा. ‘रबिंग मारलं की गाडी नवी’ हा समज तेव्हाचा आहे आणि त्या रंगांपुरता खराही होता. आजच्या गाडीवर पॉलिश करताना फडक्याला रंग लागू लागला, तर क्लिअर कोट संपला असं समजून तिथंच हात थांबवावा.

आता ती वर्तुळं. कोणी गोल गोल पुसल्यामुळे ती येतात असं गॅरेजमध्ये सांगतात. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रत्येक ओरखडा आपल्या लांबीला काटकोनात प्रकाश फेकतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे गेलेले तेवढेच आपल्याला दिसतात आणि त्यांचं मिळून वर्तुळ भासतं. डोकं हलवा, वर्तुळाचा मध्य दिव्याबरोबर सरकतो. सरळ रेषेत पुसून वर्तुळं टळत नाहीत. पांढऱ्या गाडीवर ओरखडे कमी नसतात. पांढऱ्यातून मुळातच एवढा प्रकाश विखरून येतो की त्यांची चमक त्यात बुडून जाते.

ओरखडे पाडतं कोण? धूळ. आपल्याकडची धूळ बऱ्याच अंशी बेसॉल्टची: काळ्या दगडाचा खडीकरणातला चुरा, बांधकामावरची क्रश सँड, त्यात नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ. मोहस मापनावर क्वार्ट्झ ७, बेसॉल्टमधली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं साधारण ५ ते ६. क्लिअर कोट म्हणजे अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचं प्लास्टिक, या सगळ्यांहून कितीतरी मऊ. नुसती धूळ बसल्यानं काही होत नाही. तिच्यावरून फडकं फिरलं, की प्रत्येक कण एक रेघ ओढतो. घरच्या घरी कव्हर घालणारेही यात येतात. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्यानं दिवसभर हलत असतं.

असे बहुतेक ओरखडे एक-दोन मायक्रॉन खोल असतात. ते खऱ्या अर्थानं काढायचा एकच मार्ग आहे: आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. कंपाउंडमधले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण तेच करतात. टूथपेस्टचा घरगुती उपायही याच जातीचा, फक्त तिच्यातले कण दातांसाठी निवडलेले असतात. नख ओरखड्यात अडकत असेल, तर तो घासून काढायच्या फंदात पडू नये. तेवढं खोदलं तर चमकायला थरच उरणार नाही. यंत्रही बघून घ्यावं. एकाच आसाभोवती जोरात फिरणारं रोटरी बफर कडेवर क्षणभर रेंगाळलं तरी उष्णतेनं थर भाजतो. फिरता फिरता डुलणारं ‘ड्युअल अ‍ॅक्शन’ यंत्र सावकाश काम करतं आणि नवशिक्याला माफ करतं. बॉनेटच्या घड्या, दरवाजांच्या कडा इथं रंग आधीच पातळ असतो, म्हणून जाणता कारागीर तिथं आधी टेप लावतो.

या घासाघाशीची किंमत चमकेपेक्षा वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. क्लिअर कोटमध्ये दोन प्रकारची रसायनं कालवलेली असतात. पहिली अतिनील किरण शोषणारी, बेन्झोट्रायझोल जातीची. किरण शोषला, की त्या रेणूतला एक हायड्रोजन जागच्या जागी उडी मारतो, परत येतो आणि घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. रेणू पुढच्या किरणासाठी मोकळा. दुसरी रसायनं अमाइन जातीची. जे किरण तरीही निसटतात, त्यांनी रेझिनच्या साखळ्या तोडून निर्माण केलेले मुक्त मूलक ही पकडतात. पहिल्या रसायनाचं संरक्षण थराच्या जाडीवर अवलंबून असतं, आणि तेही घातांकी हिशेबानं. समजा, ४० मायक्रॉनच्या थरातून एक टक्का अतिनील किरण खाली पोचतात. थर निम्मा केला तर दोन टक्के नव्हे, दहा टक्के पोचतील. खालच्या ई-कोटमधलं इपॉक्सी अशा प्रकाशापुढे फार दुबळं असतं. ते कुजलं, की वरचा रंग पोपडे धरून सुटू लागतो. टप आणि बॉनेट आधी जातात, दरवाजे शाबूत राहतात, कारण वरचं ऊन त्यांच्याच वाट्याला येतं. दर दिवाळीला हौसेनं ‘रबिंग-पॉलिश’ करून घेणारा मालक म्हणजे गाडीचं आयुष्य दर दिवाळीला थोडं खर्च करणारा मालक, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून सेकंडहँड गाडी हाती आल्यावर आधी मोजावं, मग घासावं. पत्र्यावरच्या रंगाची जाडी सांगणारं छोटं मीटर मिळतं. पोलादावर ते चुंबकीय प्रवर्तनावर चालतं. १०० ते १५० मायक्रॉन आलं, तर बहुधा कारखान्याचाच रंग. २५०-३०० आलं, तर त्या भागावर पुन्हा रंग चढला आहे. हजाराच्या घरात आकडा गेला, की खाली लांबी भरलेली आहे आणि गाडी कधीतरी ठोकली गेली आहे. मात्र मीटर एकूण जाडी सांगतं; त्यातला क्लिअर कोट किती उरलाय हे त्याला कळत नाही. आधीच्या मालकानं किती दिवाळ्या साजऱ्या केल्या, ते गुपितच राहतं. त्यामुळे सगळ्यांत सौम्य पॉलिशनं सुरुवात करून, साठ-सत्तर टक्के ओरखडे गेले की समाधान मानावं.

पॉलिशच्याही आधी एक पायरी आहे. धुतलेल्या गाडीवर हातात प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर लागली, तर रंगात काहीतरी रुतलंय. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रुळांचे आणि ब्रेकचे लोखंडी कण असतात, ठिकठिकाणच्या खोदकामांपाशी सिमेंट. लोखंडावर थायोग्लायकोलेटचं द्रावण मारलं, की जांभळे ओघळ येतात. बाकीचं ‘क्ले’नं निघतं. चिकट पॉलिमरमध्ये अतिबारीक कण मळून केलेला हा गोळा जपानच्या तादाओ कोडाते यांनी पेटंट घेऊन रुळवला. भरपूर साबणपाणी घालून तो अलगद फिरवायचा. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा.

पक्ष्यांची विष्ठा हा वेगळाच विषय. तिच्यात युरिक आम्ल असतंच, शिवाय पचनाची विकरंही असतात. इराणमधील संशोधकांनी पॅनक्रिएटिन हे विकरांचं मिश्रण रंगावर ठेवून पाहिलं, तेव्हा क्लिअर कोटची रासायनिक झीज विष्ठेसारखीच झाली. उन्हात थर मऊ झालेला असताना हे काम झपाट्यानं होतं. ओलं फडकं दहा मिनिटं वर ठेवावं, मग उचलून घ्यावं, चोळू नये. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग ताजे असताना पातळ व्हिनेगरनं जातात, जुने झाले की रंगात खड्डा करून बसतात.

संरक्षणाच्या बाजारात मात्र विज्ञान कमी आणि बोलणं फार. ‘टेफ्लॉन कोटिंग’ घ्या. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर ते बसवायला भट्टीत त्याहून जास्त तापवावं लागतं. गाडीचा रंग तेवढ्या उष्णतेत उरणारच नाही. बाटलीतून चोळलेलं टेफ्लॉन रंगाला तव्यासारखं चिकटलं, हा दावा म्हणूनच मानू नये. कार्नौबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडापासून येतं आणि ८२ ते ८६ अंशांना वितळतं. नागपूरच्या मेमध्ये काळा टप सत्तरीच्या पुढे सहज जातो, म्हणजे मेणाला फारशी सवड उरत नाही. दिसतं मात्र सुंदर. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिकाचं जाळं तयार करणारं द्रावण. ते खरंच रंगाला धरून राहतं, पाण्याचे थेंब घरंगळतात, घाण कमी चिकटते. पण जाडी एक-दोन मायक्रॉनची. त्यावर लिहिलेलं ‘९एच’ हे मोहस मापन नाही, पेन्सिलीचं आहे. ७५० ग्रॅम भाराखाली ४५ अंशांत धरलेल्या ९एच पेन्सिलीनं चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. बेसॉल्टच्या चुऱ्याला ती पदवी माहीत नाही. शिवाय खराब रंगावर कोटिंग चढवलं, तर ओरखडेही तसेच आत राहतात.

पोपडे निघालेल्या टपाला यातलं काहीच लागू पडत नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंशांना भाजतात. तयार गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक असल्यामुळे गॅरेजमधली भट्टी साधारण ६० अंशांवर थांबते आणि उरलेलं काम हार्डनरमधलं आयसोसायनेट करतं. हेच आयसोसायनेट फवारणाऱ्याला दमा जडवू शकतं. नाकाला रुमाल बांधून फवारणारा कारागीर दिसला, तर स्वस्त दर कशातून निघतो ते समजतं. दगड लागून उडालेल्या टिकलीएवढ्या रंगासाठी मात्र गॅरेजची गरज नाही. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा लगेच तांबडा होतो, तेव्हा पावसाळ्याआधी टच-अपच्या बाटलीतला एक थेंब तिथं टेकवावा.

उरला प्रश्न सकाळी सोसायटीत गाड्या पुसणाऱ्याचा. एक बादली, एक फडकं, पंधरा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ पंधराव्या गाडीपर्यंत जाते. दोष त्याचा नाही, रोज पुसलेली गाडी हवी असा हट्ट आपला. त्याला पगार तेवढाच द्यावा आणि काम बदलून सांगावं: आठवड्यातून एकदा आधी पाण्याच्या धारेनं धूळ उतरवायची, मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, आणि धुणं वरून खाली न्यायचं. बाकीचे दिवस रंगाला हात लावायचा नाही. काचा रोज पुसायला हरकत नाही. काच क्लिअर कोटहून पुष्कळ कठीण असते, आणि समोरचं तर रोजच दिसायला हवं.